आभारापुरता माइक

उत्तमला चाळीत कुणी उत्तम म्हणत नाही. बालमित्र म्हणतात. वय चौपन्न, केस कानांच्या वर तेवढे उरलेले, खालची एक दाढ काढलेली, आणि हाक बालमित्र. नळावर बालमित्र, वाण्याकडे बालमित्र. मयताला तिरडी उचलतानासुद्धा कुणीतरी म्हणतं, "बालमित्रा, पुढून धर रे," आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे नाव पडलं बाबासाहेबांच्या जयंतीच्या स्टेजवर. तेव्हा तो सहावीत होता. ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे, डोंगराच्या अंगाला असलेली ही चाळ तेव्हा नुकती उभी राहत होती. स्टेज म्हणजे कारखान्यातून आणलेली पत्र्याची पिंपं आणि त्यांवर फळ्या. त्याच्या आधी त्याच्याच वर्गातल्या भगवानने असं भाषण ठोकलं, की बायांनी पदराने डोळे पुसले. मग उत्तम उठला. बापाने मास्तरांकडून भाषण लिहून घेतलं होतं आणि झोपेतून उठवून उठवून पाठ करून घेतलं होतं. "अध्यक्ष महोदय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो," एवढं तो म्हणाला आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. परत म्हणाला, "माझ्या बालमित्रांनो." लोक वाट बघत राहिले. आणखी एकदा म्हणाला तेव्हा खाकी हाफ पँट पुढून काळी व्हायला लागली. भगवान अजून स्टेजवरच उभा होता. पहिला हसला तो.

दुसऱ्या एखाद्या वस्तीत ही गोष्ट विसरली गेली असती. इथे नाही. इथे भाषण म्हणजे जेवणातलं मीठ. बारशाला भाषण, साखरपुड्याला भाषण, पोरगं दहावी पास झालं तर भाषण, माणूस गेलं तर डझनभर भाषणं. कारखान्यात आठ तास मान खाली घालून आलेला माणूससुद्धा संध्याकाळी विहारात माइक हातात धरला की वेगळाच दिसायला लागतो. ज्यांच्या आजोबांना गावात तोंड उघडायची सोय नव्हती, त्यांची ही चाळ. इथे मुका माणूस म्हणजे घराण्याला डाग. उत्तमचा बाप मरेपर्यंत म्हणायचा, "माझ्या पोटी हे धोंडं कुठनं आलं?"

आणि अशा धोंड्याच्या गळ्यात पडली रमाबाई.

बघायला गेले तेव्हा उत्तमने चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि जमिनीकडे बघत राहिला. मुलीकडच्यांना वाटलं, पोरगा नाराज आहे. रमा आतून म्हणाली, "असू दे. एका घरात दोन लाउडस्पीकर कशाला?" झालं, जमलं.

रमाबाई बोलायला उभी राहिली की गल्लीतली कुत्रीसुद्धा बसून घ्यायची. महिला मंडळाची अध्यक्ष ती. पाण्याच्या मोर्चात ती, हुंड्याच्या भांडणात ती. दरवर्षी विहारात बायकांची तपासणी व्हायची, तिथेही माइक तिच्याच हातात. "बायांनो, अंगावर काढू नका! नवऱ्याचा डबा उशिरा झाला तर झाला, आधी तपासून घ्या!" लाजणाऱ्या बायांना हाताला धरून रांगेत उभं करायची.

घरी मात्र उलटं होतं. दिवसभर बोलून तिचा घसा बसायचा. भाकऱ्या थापता थापता ती म्हणायची, "आता तुम्ही बोला." आणि उत्तम बोलायचा. कारखान्यातल्या गमती, सुपरवायझरच्या नकला, लहानपणच्या गोष्टी. ती हसायची. भिंतीपलीकडच्या जाईबाईला वाटायचं, रेडिओ लागलाय.

यंदाच्या मे महिन्यात रमाबाई गेली. दम लागला म्हणून रिक्षात घातली आणि रिक्षातच मान टाकली. नाक्यावरच्या डॉक्टरने नाडी बघितली, म्हणाला, हृदय बंद पडलं.

चाळीने मात्र मरणाचा आपला वेगळाच दाखला दिला. रमाबाईची एकुलती एक पोर ऐश्वर्या, कल्याणच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. तिने फेब्रुवारीत कोपरच्या सर्वेशशी कोर्टात लग्न केलं. पोरगा चांगला, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, पण जातीतला नाही आणि चाळीच्या मंडळाला विचारलेलं नाही. त्या दिवसापासून रमाबाईने पोरीशी बोलणं टाकलं. फोन उचलला नाही. पोरगी दोनदा चाळीच्या तोंडापर्यंत आली तर आतून निरोप गेला, घरात पाऊल टाकू नकोस. त्यानंतर रमाबाई झिजत गेली, ते सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं. ब्लाउज ढिले झाले, सभा बंद झाल्या. मग गेली. लोकांनी दोन टोकं जोडली आणि गाठ मारली. "लेकीने आईला खाल्लीन."

खरं काय ते उत्तमला माहीत होतं.

रमाच्या डाव्या छातीत गाठ होती. गेल्या पावसाळ्यात, ऐश्वर्याच्या लग्नाचा विषयसुद्धा निघाला नव्हता तेव्हापासून. दिवाळीत ती गाठ फुटली. रमाने हळद भरली, जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या. वास येऊ नये म्हणून घरात उदबत्त्या जळत राहिल्या आणि शेजारणी म्हणाल्या, रमाबाई हल्ली फार धार्मिक झाली. तिची मावशी याच दुखण्याने मोठ्या हॉस्पिटलात गेली होती, ती परत आलीच नव्हती. रमा घाबरली. जी बाई कुणाला घाबरली नाही ती घाबरलेल्या पोरासारखी चादरीचा कोपरा धरून म्हणाली, "अहो, मला तिथे नका नेऊ. कुणाला सांगू नका. माझी शपथ आहे."

आणि पोरगी? पोरगी नर्स. एकदा आईकडे नीट बघितलं असतं तर तिने ओळखलं असतं, फरफटत नेलं असतं. म्हणून रमाने पोरीच्या लग्नाचा राग पांघरला. "तिला वाटू दे मी रागावलेय," ती म्हणाली, "रागावलेल्या माणसाकडे कुणी येत नाही."

उत्तम अगदीच हात बांधून बसला नव्हता. एकदा महानगरपालिकेच्या दवाखान्यात जाऊन रांगेत उभा राहिला. समोर डॉक्टरीणबाई, मागे पंधरा-वीस माणसं. "काय होतंय?" बाईंनी विचारलं. उत्तमने तोंड उघडलं. मागच्या सगळ्यांचे डोळे त्याला पाठीवर लागले. 'बायकोच्या छातीत' हे शब्द घशापर्यंत आले आणि तिथेच बसले. "मोठ्याने बोला काका, काय होतंय?"

"खोकला," उत्तम म्हणाला.

लाल औषधाची बाटली घेऊन तो घरी आला. रमाने ती बाटली बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. रोज दोन चमचे पीत राहिली.

रमाला स्मशानात पोचवून आले त्याच्या चार-पाच दिवसांनी सर्वेशचा फोन आला. उत्तम कोपरला गेला. खाडीकडच्या बाजूला, जुन्या घरांच्या मागे नवीन बिल्डिंगमध्ये वन रूम किचन. सर्वेशने दार उघडलं आणि बाहेरच थांबवलं.

"पप्पा, कायतरी करा हो. मना नाय कळत आता." घाबरला की त्याच्या तोंडात घरची आगरी यायची. "खात नाय, झोपत नाय. रडत पण नाय ओ! रडली असती तर बरा होता. काल गच्चीवर गेलेली. मी कामावरून आलेलो, दार उघडा दिसला, धावत वर गेलो. कठड्याला धरून उभी होती. मी विचारलं, काय करतेस? तर बोलते, हवा खाते."

ऐश्वर्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. उत्तम तिच्या पायाशी बसला. पोरीशी एकटं असलं की त्याला बोलता यायचं. त्याने सगळं सांगितलं. गाठ, हळद, उदबत्त्या, मावशी, पांघरलेला राग. शपथ मोडल्याची लाज वाटली, तरी सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग कूस न बदलता म्हणाली, "पप्पा, मी नर्स आहे. माणूस गेलं की नातेवाइकांना काय सांगायचं ते आम्हाला शिकवतात. त्यांना त्रास झाला नाही. तुमचा काही दोष नाही. रोज सांगते मी हे लोकांना. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत."

"अगं, खरंच सांगतोय..."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत? आई होती तेव्हा?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही आयुष्यात आईच्या विरुद्ध एक शब्द बोललात का कधी? आता मला बरं वाटावं म्हणून बोलताय. सगळी चाळ म्हणते मी मारली. एवढी माणसं खोटं बोलतात आणि तुम्ही एकटे खरं?"

उत्तम उठला. तो दारातून निघताना ती म्हणाली, "रविवारी आईच्या जलदानविधीला येणार मी. शेवटचं येते."

शेवटचं. हा शब्द घेऊन तो ठाण्याला परतला.

चाळीत शिरला तो थेट जाईबाईच्या दारात. रमाच्या मढ्याला आंघोळ जाईबाईने घातली होती. तिने जखम बघितली होती. बघून सोबतच्या बाईला बाहेर काढलं होतं, दार लावून एकटीने सगळं आवरलं होतं. पोरगी पोचली तेव्हा फक्त चेहरा उघडा होता.

"जाई, तू सांग गं ऐश्वर्याला. तू बघितलंयस."

जाईबाई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "मी काय बी बघितलं नाय."

"पोर जीव देईल, जाई!"

"अरे, मेलेल्या बाईचं असं उघडं करतात काय?" जाईबाई एकदम कळवळून म्हणाली. "आख्ख्या वस्तीच्या बायांना रमाने तपासायला धाडलं. मला धाडलं. माझी पिशवी काढली म्हणून मी आज जिती हाय. आता लोकांना सांगू, की ती स्वतः लपून बसली? थुंकतील तिच्या नावावर. उद्या एक बाई तपासायला जायची नाय." तिने नाक पुसलं. "आणि मी एकटीला जाऊन सांगून काय व्हतंय? तिला वाटेल, बापाने शिकवून धाडली. जे बोल लागलेत ते चारचौघांत लागलेत. ते चारचौघांतच काढायला पायजेत. तू नवरा हायस. तू बोल."

"मला येत नाय बोलायला."

"मग बस," जाईबाई म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

मंडळाची बैठक भगवानभाऊच्या ओट्यावर होती. हाच तो भगवान. आता मंडळाचा अध्यक्ष, दाढी पांढरी, आवाज तसाच. रमाला तो बहीण मानायचा, तिच्या मयतात लहान पोरासारखा रडला होता. रविवारचा क्रम ठरत होता. वंदना, सूत्रपठण, मग आदरांजलीची भाषणं, शेवटी आभार, मग जेवण. घरच्या माणसांनी शोकसभेत भाषण करायचं नाही अशी इथली रीत. दुःखात माणूस भलतंसलतं बोलतं म्हणून. घरच्यांना माइक मिळतो तो आभारापुरता, आणि तोही बहुतेक घरं दुसऱ्या कुणाला देतात.

"आभाराला कोण?" भगवानभाऊने विचारलं.

"मी," उत्तम म्हणाला.

सगळे वळले. कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

"बालमित्रा, तू?" भगवानभाऊ हसला नाही. त्याने उत्तमच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, रमासारख्या बाईची सभा आहे. बाहेरगावची माणसं येणार. तुला तिथे त्रास होईल, लोकांना हसू येईल. कशाला?"

"मी बोलतो."

"बरं. दोन वाक्यं. आलात, दुःखात सहभागी झालात, आभारी आहे, जेवून जा. बस. जमेल?"

उत्तमला म्हणायचं होतं, भगवान, तुझ्या भाषणात माझ्या पोरीचं नाव काढू नकोस. तोंड उघडलं. ओट्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. "जमेल," तो म्हणाला.

उत्तम पुठ्ठ्याचे खोके बनवायच्या कारखान्यात मशीनवर असतो. मशीन चालू असलं की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्या आठवड्यात उत्तम मशीनमागे उभा राहून बोलत होता. एक हात पुठ्ठा सारतोय आणि ओठ हलतायत. "उपस्थित बंधू-भगिनींनो. माझ्या पत्नीला. माझ्या पत्नीला एक आजार." पुन्हा पहिल्यापासून. आवाज वाढवून बघितला. मशीनपेक्षा मोठा. घाम यायचा, जीभ टाळ्याला चिकटायची, पण शब्द निघत होते. त्याला वाटलं, जमेल. शुक्रवारी तो घसा फाडून बोलत होता, "माझी पोरगी निर्दोष आहे! माझ्या रमाने..." आणि वीज गेली. आख्ख्या शेडमध्ये त्याचा एकट्याचा आवाज उरला. पलीकडे डिंक लावणाऱ्या बाया, भैया लोक, सुपरवायझर, सगळे थिजून बघत राहिले.

"क्या हुआ चाचा?" एकाने विचारलं.

तो पुठ्ठ्याच्या थप्पीमागे गेला आणि त्याला ओकारी झाली. वीज परत आली. सुपरवायझर म्हणाला, घरी जा, बायको गेलीय, विश्रांती घे. उत्तम घरी गेला नाही. कारखान्याच्या फाटकाबाहेर नाल्याच्या कठड्यावर बसला आणि त्याला स्वच्छ कळलं, की रविवारी आपल्याच्याने काही होणार नाही. पोर जाणार. आपण आभार मानणार, जेवून जा म्हणणार, आणि पोर जाणार.

रविवारी सकाळी गल्लीत पांढरा मांडव पडला. रमाबाईचा मोठा फोटो, त्यामागे बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, निशिगंधाचे हार. माणसं एवढी आली की वरच्या पायऱ्यांपर्यंत बसली. ऐश्वर्या पांढऱ्या साडीत, सर्वेश तिच्यामागे. कुणी सरकून जागा दिली नाही. दोघं अगदी शेवटी, गटाराच्या फरशीवर बसले. बायकांनी माना वळवून बघितलं आणि पुन्हा पुढे केल्या.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. भाषणं सुरू झाली. उत्तम पुढे सतरंजीवर बसला होता. त्याला एकही भाषण ऐकू येत नव्हतं. तो मागे वळून पोरीकडे बघायचा. ती फोटोकडे बघत होती, पापणी न हलवता.

भगवानभाऊ शेवटी उठला. सुरुवात हळू केली. मग आवाज चढला. "आमची वाघीण होती ती! मोर्चात लाठी खाल्ली, हलली नाही. तहसीलदाराला भिडली, हलली नाही. मग अशी बाई अशी अचानक कशी जाते, हा प्रश्न मला झोपू देत नाही, बंधूंनो! बाहेरच्याने मारलेलं माणूस सोसतं. पोटच्याने मारलं की सोसवत नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही. पण ज्या लेकीसाठी तिने हाडाची काडं केली, त्या लेकीने..."

मागे हालचाल झाली. ऐश्वर्या उठली होती. सर्वेशने तिचा हात धरला, तिने तो सोडवला. वळली आणि गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली, जिथे मोठा रस्ता आहे आणि जिथून इस्टेटीचे ट्रक जातात. चप्पल तिथेच राहिली. तिने पायांत घातली नाही. ज्याला कुठे पोचायचं आहे ते माणूस चप्पल घालतं.

आभाराची वेळ यायची होती. तोवर ती राहिली नसती.

उत्तम उठला. कसा उठला ते त्याला आजही सांगता येत नाही. भगवानभाऊच्या हातातला माइक त्याने धरला. भगवानभाऊ म्हणाला, "अरे, अजून माझं..." पण उत्तमने ओढला तसा त्याने सोडला. माइक खरखरला. शेकडो तोंडं वर झाली. आणि उत्तमच्या घशातून, चाळीस वर्षांनी, तेच बाहेर आलं.

"अध्यक्ष महोदय..."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. "आला बालमित्र!"

पायांखालची फळी सरकल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर तोंडं नव्हती, नुसते पांढरे ठिपके. पोर अर्ध्या गल्लीत पोचली होती. उत्तमने लोकांकडे पाठ केली. समोर रमाचा फोटो होता.

"रमा," तो म्हणाला.

हसणं थांबलं.

"रमा, मी आता सांगतो. तू शपथ घातलीस, पण पोर चाललीय गं. मी सांगतो. तुला राग येऊ दे." आवाज फाटत होता, मध्येच बारीक होत होता, पण कर्ण्यातून गल्लीच्या तोंडापर्यंत जात होता. "तुला गाठ होती. छातीत. पोरीचं लग्नबिग्न काही नव्हतं तेव्हापासून. दिवाळीत फुटली. मी रोज पट्टी बदलायचो. तू इथे उभी राहून सगळ्यांना सांगायचीस, अंगावर काढू नका, आणि तू स्वतः अंगावर काढलंस. तू भ्यालीस, रमा. मावशीसारखं होईल म्हणून भ्यालीस."

"ए उत्तम!" भगवानभाऊ ओरडला. "काय बोलतोस? कुणाबद्दल बोलतोस?"

उत्तम वळला नाही. "पोर नर्स आहे, ओळखेल, म्हणून तू तिला घरात घेतली नाहीस. राग नव्हता तुझा. फोन वाजला की तू उशीखाली तोंड घालून रडायचीस. मला म्हणालीस, तिला वाटू दे मी रागावलेय. अगं, तिला वाटलं ना! सगळ्यांना वाटलं! आता ती मरायला निघाली, आता मी काय करू? मी दवाखान्यात गेलेलो, रमा, तुला माहितीय. मला 'छाती' बोलता नाय आलं. मी खोकला बोललो. तू ते औषध पीत राहिलीस. मला कधी बोलली नाहीस. बोलायला पाहिजे होतंस. लाथ घालायला पाहिजे होतीस."

त्याला दम लागला. माइकमध्ये नुसता श्वास ऐकू येत राहिला.

भगवानभाऊ पांढराफटक पडला होता. तो बायकांकडे वळला. "जाई, आंघोळ तू घातलीस. हे खरं आहे?"

सगळ्या बाया जाईबाईकडे बघायला लागल्या. जाईबाईने पदर तोंडात कोंबला होता. तिने तो काढला. "खरं हाय," ती म्हणाली. "एवढं भोक पडलेलं. हाड दिसत व्हतं."

मांडवात कुणीतरी रडायला लागलं. कुणी म्हणालं, "असं सांगतात काय चारचौघांत?" दोन-तीन म्हाताऱ्या उठून चालू पडल्या. भगवानभाऊ होता तिथे खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

ऐश्वर्या परत येत होती. अनवाणी, लोकांमधून वाट काढत. आता सगळे सरकत होते. ती उत्तमसमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"डाव्या."

"आधी केवढी होती?"

"सुपारीएवढी. मग लिंबाएवढी."

"हलत होती?"

"पहिली हलायची. मग नाय."

"काखेत?"

"काखेत पण. हात सुजलेला."

"दम कधीपासून लागायला लागला?"

"तुझ्या लग्नाच्या आधी. महिनाभर तरी."

ती ओठ हलवत मनातल्या मनात काहीतरी लावून बघत होती. गाठ, काख, हाताची सूज, दम. वॉर्डात तिने हे बघितलेलं असणार. हळूहळू तिचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला.

"फेब्रुवारीत फुफ्फुसापर्यंत गेलेलं म्हणजे," ती म्हणाली, "मी काही केलं नसतं तरी..." आणि मग एकदम तिने उत्तमच्या सदऱ्याची छाती दोन्ही मुठींत धरली. "आणि तुम्ही गप्प बसलात? पावसाळ्यापासून? पावसाळ्यात आणलं असतं तर वाचली असती ती! एक फोन! मला एक फोन करायचा होता! खोकल्याचं औषध दिलंत तुम्ही माझ्या आईला?"

"हो," उत्तम म्हणाला.

माइक अजून त्याच्या हातातच होता. तिचा एकेक शब्द कर्ण्यातून चाळीवर आदळत होता. कुणीतरी बंद करायला उठलं.

"पोरी, लोक बघतायत," भगवानभाऊ खालूनच म्हणाला.

"बघू देत!" ती किंचाळली आणि रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. रडता रडता ती बापाच्या छातीवर मुठी मारत होती आणि उत्तम उभा होता. सर्वेश धावत आला, पण जवळ येऊन तसाच थांबला.

"मी तुम्हाला माफ नाही करणार," ती शेवटी म्हणाली.

"नको करूस," उत्तम म्हणाला. "घरात चल."

बऱ्याच वेळाने ती घरात गेली. उत्तमने माइक सतरंजीवर ठेवला आणि तिच्यामागून आत गेला. बाहेर आभार कुणी मानले की नाही ठाऊक नाही. भांड्यांचे आवाज आले, काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास आला, माणसं हलक्या आवाजात बोलत जेवायला बसली.

आत ऐश्वर्या आईच्या गादीवर बसली होती. डोळे सुजलेले. सर्वेशने पाण्याचा तांब्या पुढे केला तो तिने घेतला आणि घटाघटा प्यायली. मग बापाला म्हणाली, "बसा इथे. पहिल्यापासून सांगा. काही गाळू नका."

उत्तम भिंतीला टेकून बसला. दारात माणसं उभी होती, जाईबाई होती, तिच्यामागे आणखी बाया होत्या. त्याने कुणालाही जा म्हटलं नाही.

"आंघोळ करताना तिच्या हाताला लागली," तो म्हणाला. "बाहेर येऊन मला म्हणाली, अहो, इथे बघा जरा..."